महाराजांचा हात आणि मालकांचा सोफा

आमच्या चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मेकअपवाली, कॅमेरावाले, हिशेबनीस, झाडून सगळे महाराजांच्या उजव्या हाताकडे बघत होते. हात वर गेला की मोठ्या पडद्यावर स्टुडिओतल्या माझ्या खुर्चीऐवजी कँटीनचा ओटा दिसे. हात खाली आला की परत खुर्ची. मी बातम्या वाचतो. ऐन बातम्यांत माझ्या जागी ओटा झळकायचे प्रकार आठवडाभर चालू होते.

"यंत्रात अतृप्त आत्मा शिरलाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "रोज सकाळी माझं प्रवचन दाखवा, शांत होईल. पण या बाईचा हात त्याला सोसत नाही."

ही बाई म्हणजे आमची इंजिनिअर. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या पडद्यावर जावं ते ठरवणारं यंत्र, म्हणजे राउटर, तीच सांभाळते. तिच्या घरात पगार येतो तो तिचाच.

"उद्यापासून येऊ नका," मालक तिला म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरं," ती म्हणाली. "जाण्याआधी महाराजांनी एकदा परत दाखवावं." आणि तिनं राउटरची एक वायर उपटली.

हात वर गेला. खुर्ची ढिम्म. महाराजांनी हात झटकला, मंत्राचा आवाज चढवला. मागे शिष्याच्या शालीखाली काहीतरी वळवळत होतं.

"आत्मा वायरीतून येतो होय?" मी विचारलं.

तिनं वायर परत जोडली आणि स्वतःचा फोन मालकांच्या आईंपुढे धरला. "काकू, हे बटण दाबा."

ओटा आला. काकूंनी पुन्हा दाबलं, खुर्ची आली. "अगं बाई, मीही महाराज झाले की," काकू म्हणाल्या आणि हात लांब करून शिष्याची शाल ओढली. त्याच्या फोनवर तीच बटणं होती.

"राउटर हुकमाचा ताबेदार आहे," ती म्हणाली. "ठरलेल्या भाषेत निरोप आला की पाळतो. कुणी पाठवला, ते विचारत नाही. मालकसाहेबांना केबिनमधल्या सोफ्यावरून चित्रं बदलायची हौस, म्हणून मी नको म्हणत असतानाही तो या वायरीनं ऑफिसच्या वायफायला जोडायला लावला. आणि वायफायचा पासवर्ड पाहुण्यांच्या खोलीत भिंतीवर चिकटवलाय."

त्याच खोलीत शिष्य आठवडाभर ध्यानाला बसत होता.

"उद्या ही येईल," काकू मालकांना म्हणाल्या. "तू तो सोफा सोड."

महाराज कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. हा चमत्कार मात्र खरा.

तेव्हा मंडळी, हात जोडायची घाई करू नका. आधी एक वायर उपटून बघा.