आठ ढीग

पाडस आधी, आई नंतर. मूस हरणांच्या शिकारीत याहून मोठा नियम नाही, कारण आईवाचून पाडस हिवाळ्यात हालहाल होऊन मरतं. हे मला आमच्या टोळीच्या म्होरक्याने, तूरेने, शिकवायची काही गरज नव्हती. माझा नवरा एवर्ट बावीस वर्षं सकाळच्या कॉफीबरोबर हेच ऐकवायचा. तो गेला, मी बंदुकीची परीक्षा दिली आणि गावच्या शिकारी टोळीत त्याची जागा मला मिळाली. नऊ जणांची टोळी. त्यात बाई मी एकटी आणि बाहेरचीही मी एकटी. बोस्नियातल्या लढाईतून पळून इथे, या उत्तरेकडच्या थंड देशात आले त्याला तीस वर्षं झाली, पण टोळीत नाव लागलं तेव्हा कुठे दुकानात लोक मला सेनादा म्हणून हाक मारायला लागले. ती जागा गेली असती तर मी पुन्हा 'ती एवर्टने आणलेली' झाले असते. मला ते नको होतं. मेले तरी नको होतं.

सप्टेंबरचा पहिला सोमवार, सकाळचे आठ. मी दलदलीच्या कडेला माझ्या ठिय्यावर बसले होते. डावीकडच्या ठिय्यावर म्हातारा सिक्स्टन, ऐंशीचा, पण कान अजून शाबूत. वर टेकाडावर तूरे. वॉकीटॉकीवर तो कुजबुजला, "मादी आणि पाडस. खाली येतायत. कुणी घाई करू नका." आणि लगेच त्याच्याच बाजूने धाडकन बार झाला.

मादी झाडी मोडत आली ती तीन पायांवर. मागची मांडी फाटून लोंबत होती आणि ती नुसती घरघरत होती. अशा जनावराला तसंच सोडायचं नसतं. मी मानेत गोळी घातली. मान मोडली, ती जागच्या जागी कोसळली. मागून पाडस आलं आणि आईच्या तोंडाला नाक लावून उभं राहिलं. पळ रे मेल्या, पळ, मी मोठ्याने म्हटलं. ते पळालं नाही. पळालं असतं तरी बर्फात मेलंच असतं. मी त्यालाही घातली. गोळी पोटात बसली. ते ओरडायला लागलं, दुसरी घालावी लागली. मग मी शेवाळावर गुडघे टेकून ओकले.

दुपारी सोलायच्या शेडमध्ये मादी आकड्याला उलटी टांगली होती. फरशीवर रक्त, कडेला कापून टाकलेले पाय. तूरेने सुरी पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सेनादाने आईला आधी मारलं. ती जखमी होऊन पळाली, म्हणून मला मांडीत घालावी लागली."

चोराच्या उलट्या बोंबा!

"मान मोडलेलं जनावर पळतं होय रे?" मी म्हटलं. "टेकाड चढून तुझ्याकडे आलं, मांडीत गोळी खाल्ली आणि परत येऊन माझ्या पायाशी मेलं? ये, घाल बोट मानेत आणि बघ."

कुणी बोट घातलं नाही. बाकीचे सहाही जण आपापल्या बुटांकडे बघत राहिले. या लोकांना घर जळलेलं चालेल, पण भांडण नको.

"सिक्स्टन, तू शेजारी होतास. पहिली गोळी कुणाची?"

"वारा होता," सिक्स्टन म्हणाला. "नीट कळलं नाही."

वारा! पान हलत नव्हतं. तूरेपेक्षा मला त्या म्हाताऱ्याचाच जास्त राग आला. एवर्टची शवपेटी याने खांद्यावरून नेली होती, आणि आता मूग गिळून बसला होता.

"जाऊ दे गं," तूरे हसला. "तुमच्याकडे दिसेल त्याला गोळी घालायची पद्धतच आहे. तू तरी काय करणार?"

माझा भाऊ एनिस एकोणीस वर्षांचा होता. पाव आणायला गेला आणि पुलावर गोळी लागून पडला. तूरेला हे ठाऊक होतं. माझ्याच घरी, माझ्याच हातचं जेवताना मी सांगितलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली पडलेला एक पाय मी खुरासकट उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. नाक मोडलं. तो रक्त थुंकत अंगावर आला, माझा गळा आवळून मला त्या टांगलेल्या धडावर रेटलं. मी पुन्हा हाणला. दोन दात फरशीवर पडले. मग त्या सहा जणांनी आम्हाला ओढून वेगळं केलं, फरशी धुतली, आणि कुणीतरी कॉफी ओतली. पोलीस नाही, माफी नाही, एक शब्द नाही. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मांस पाच दिवस मुरलं आणि शनिवारी वाटप ठरलं. वाटपाची रीत जुनी आहे. सारखे ढीग टेबलावर लावायचे आणि एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. म्होरक्या एकेका ढिगाला सुरी लावून विचारणार, "हा कुणाचा?" आणि भिंतीकडचा न बघता नाव घेणार. मग कुणाची तक्रार चालत नाही.

जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखं झालं असतं. पिशवी घेऊन गेले. तूरेच्या नाकाला पट्टी, डोळे काळेनिळे. टेबलावर ढीग होते आठ. मी दोनदा मोजले. सगळे मोजत होते, ते दिसत होतं.

"नियम मोडणाऱ्याला वाटा नाही," तूरे पट्टीतून गेंगाण्या आवाजात म्हणाला.

संपलं, मी मनात म्हटलं.

सिक्स्टन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सगळ्यांत म्हातारा म्हणून ते काम त्याचंच.

"हा कुणाचा?"

"ओरयानचा."

"हा?"

"स्टेलानचा."

सहा जणांची नावं झाली. सातव्याला सिक्स्टन म्हणाला, "माझा." तूरेने आपली पिशवी उघडली आणि आता फक्त रीत म्हणून विचारलं, "आणि हा कुणाचा?"

"सेनादाचा."

तूरे सिक्स्टनच्या पाठीकडे वळला.

"चुकलास, म्हाताऱ्या. माझं नाव राहिलं."

"नाही चुकलो. पहिली गोळी टेकाडावरून आली. मी ऐकली." सिक्स्टन भिंतीशीच बोलत होता. "ढीग आठच. तूच केलेस ना, तूरे?"

तूरेने त्याची मान धरली आणि कपाळ भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार, तोवर ते बुटांकडे बघणारे सहाही जण उठले. त्यांनी आपल्या म्होरक्याला असा तुडवला, की शेवटी मलाच 'पुरे, पुरे' म्हणून ओरडावं लागलं. मग त्याला दाराबाहेर चिखलात टाकला.

सिक्स्टन अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता. कपाळावरून रक्त ओघळत होतं. मी धरायला गेले तर त्याने खांदा झटकला.

"आधी रीत पुरी होऊ दे," तो म्हणाला. "सेनादा, उचल तुझं."

मी उचललं.