वय पंधरा

“वयाचे आकडे उलटे पडलेत,” लॅबचे साहेब म्हणाले आणि स्क्रीनवरच्या पंधराचे त्यांनी एक्कावन्न केले. तपासणीच्या आकड्याशेजारची तांबडी खूण लगेच गेली. रिपोर्ट अगदी शहाण्यासारखा दिसायला लागला.

साहेबांचं तसं काही चुकलं नव्हतं. नोंदणीच्या खिडकीवर आठवड्यातून दोनदा तरी असा घोळ होतोच. त्यात तपासणीचा आकडा ब्याण्णव. मेंदूखालची ग्रंथी वयात येताना अंडाशयाला हाक मारते, त्या हाकेचं हे हॉर्मोन. अंडाशयानं ओ दिली की ती गप्प बसते. ओ मिळालीच नाही, तर हाका वाढतच जातात. पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात ब्याण्णव म्हणजे काही विशेष नाही. पंधराव्या वर्षी ब्याण्णव म्हणजे आत उत्तर द्यायला कुणी नाही.

आणि रक्त मी काढलं होतं. सव्वीस वर्षं हेच करतेय. तळहातावर निळ्या पेनानं गणिताचं सूत्र लिहून आलेली एक्कावन्न वर्षांची बाई मी अजून पाहिलेली नाही.

साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मशीनवर परत लावा. लावलं. एक्याण्णव आलं. मला काहीच वाटलं नाही. माझं असंच आहे, वाटायचं ते कधीच वाटून संपलंय. एक्कावन्न पुसून पंधरा लिहिलं, तांबडी खूण परत आली, साहेबांनी सही केली.

चार वाजता मायलेकी रिपोर्ट न्यायला आल्या. आईनं पाकीट उभ्या उभ्या फोडलं, खुणेवर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. डॉक्टर सांगतील, मी म्हणाले. आम्ही बोलायचं नसतं. नियम आहे, आणि बरा आहे. आई डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली. पोरगी मात्र खिडकीपासून हलेना. वर्गात पाळी न आलेली आता ती एकटीच राहिली होती, मैत्रिणी तिला ‘बाळ’ म्हणून चिडवायच्या. सुई टोचताना तिनंच सकाळी सांगितलं होतं.

“मावशी, मला येईल ना पाळी?”

डॉक्टर सांगतील, हे तोंडाशी आलं होतं. माझ्या वेळी असलं काही मोजत नव्हते. येईल उशिरा, असं म्हणत आईनं माझं लग्न लावून दिलं, आणि दीड वर्षात मी परत आले. इथं हे कुणालाच ठाऊक नाही.

“मला नाही आली,” मी म्हणाले.

“कधीच?”

“कधीच.”

माझे पिकलेले केस, चष्मा, गळ्यातलं ओळखपत्र, सगळं तिनं नीट बघून घेतलं. बाहेरून आईनं हाक मारली तरी ती तशीच उभी.

“वाईट वाटतं?”

“आता नाही,” मी म्हणाले आणि तिच्या मागच्या माणसाकडे पावती मागितली.