चोवीस तास मॅट, असं माझ्यावर लिहिलं होतं

मी एक जुनी बाटली आहे. चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनची, स्वस्तातली, काळ्या टोपणाची. माझ्यात अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण आता वर तेल आणि खाली गाळ अशी माझी अवस्था झाली आहे. मित्रांनो, मला कुणी सांडलं नाही आणि संपवलंही नाही. मला खणात पार मागे ढकलून दिलं. ते का, तेच सांगते.

न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यात मधाच्या रंगाचं दाट फाउंडेशन भरलं, टोपण फिरलं आणि पोटावर एक चिठ्ठी चिकटली. 'चोवीस तास मॅट. तेलकट आणि मुरुमांच्या त्वचेसाठी.' म्हणजे चोवीस तास चेहऱ्यावर तेलाची चकाकी येणार नाही. मी ते खरं मानलं. स्वतःच्या अंगावर लिहिलेलं कोण खोटं मानेल?

कॉर्पस क्रिस्टी नावाच्या शहरातल्या औषधांच्या दुकानात मला मारिसेलाने उचललं. सतरा वर्षांची मुलगी, शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायची. समुद्राकाठच्या त्या दमट हवेत सकाळी धुतलेलं तिचं कपाळ दहा वाजेपर्यंत चकाकू लागे. गालांवर आणि हनुवटीवर लाल पुटकुळ्या होत्या. सोबत तिची मावसबहीण यादिरा होती, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. स्वस्त मेकअप लावून बघायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, हा तिचा उद्योग.

"हीच घे," यादिरा म्हणाली. "आणि या वेळी माझ्या व्हिडिओत तूच बस. माझा चेहरा कोरडाठाक, माझ्यावर काय डोंबल कळणार?"

"बसेन. पण माझा काही न लावलेला चेहरा दाखवायचा नाही."

"अगं नाही गं दाखवत! लावून झाल्यावरचाच. आईशप्पथ."

शनिवारी यादिराच्या खोलीत, खिडकीपाशी मारिसेला बसली. तोंड धुतलेलं, केस मागे बांधलेले. यादिराने फोन समोर उभा केला. मी फोनच्या मागे, यादिराच्या हाताशी होते.

"सुरू नाहीये ना?" मारिसेलाने विचारलं.

"नाही बाई. उजेड बघतेय नुसता. जरा इकडे वळ. आता हनुवटी वर कर."

मित्रांनो, पडद्यावरचा लाल ठिपका मला दिसत होता. फोन सगळं टिपत होता. मला आवाज असता तर मी ओरडले असते.

मग ओल्या स्पंजाने यादिराने मला हळूहळू थापलं. चकाकी गेली, लाली झाकली, कपाळ मखमलीसारखं दिसू लागलं. मारिसेलाने आरसा घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. ती घरी गेली तेव्हा तिची आई एलोदिया इस्पितळाच्या धुलाईखान्यातून नुकतीच परतली होती. "या कोण बाईसाहेब?" ती म्हणाली. "आमची पोरगी कुठे ठेवलीत?" मारिसेला खुदकन हसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

सोमवारी बँडचा सराव होता, शाळेमागच्या डांबरी मैदानावर, उन्हात. तीन तासांत तेल माझ्यातून वर आलं. नाकाच्या कडेला मी फाटले, हनुवटीवर गोळे होऊन बसले. माझ्यावरचं लिखाण खोटं होतं, हे मला तेव्हा कळलं. मारिसेलाने कागदी रुमालाने टिपून टिपून मला पुन्हा लावलं आणि म्हणाली, "चल, निदान शुक्रवारी सांभाळून घे." शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला शाळेचा बँड वाजवणार होता आणि त्यात बँडमास्तर ओकान्यास यांनी तिला एकटीने वाजवायचा भाग दिला होता. दोन वर्षं ती त्याची वाट बघत होती.

बुधवारी यादिराचा व्हिडिओ आला. नाव होतं, 'हा चेहरासुद्धा झाकला जातो!' सुरुवातीचं अर्धं मिनिट मारिसेलाचा काही न लावलेला चेहरा, तोही जवळून. पुढे यादिरा मला हातात धरून सांगत होती, "मी स्वतः रोज हेच लावते." तिने मला स्वतःच्या गालाला एकदाही लावलं नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एक मुलगा तिच्या पुटकुळ्यांना पिझ्झावरच्या मांसाच्या लाल चकत्यांचं नाव देत बाकावरून ओरडला, "ए पेपरोनी, चीज कुठे विसरलीस?" सगळं टेबल हसलं. मारिसेला ताट तसंच ठेवून उठली.

शुक्रवारी एलोदियाने बँडचा गणवेश इस्त्री करून दाराला टांगला. "तू वाजवायला जातेस की त्यांची तोंडं बघायला?" तिने विचारलं.

"आई, ते माझं तोंड बघायला येणार आहेत."

ती गेली नाही. तिचा भाग दुसऱ्या कुणीतरी वाजवला.

रविवारी सकाळी यादिरा बार्बाकोआचं, म्हणजे मंद आचेवर शिजवलेल्या मांसाचं, पुडकं आणि एक नवी, महागातली बाटली घेऊन आली. "व्हिडिओ काढून टाकला मी," ती म्हणाली. "अगं, फरक दाखवायचा तर आधीचं दाखवावंच लागतं. लोक नाहीतर बघत नाहीत. मला वाटलं, तुला एवढं काही वाटणार नाही. आपण घरातल्याच ना!"

"माझा चेहरा मी रोज बघते, यादिरा. त्याचं मला काही नाही. मी विचारलं होतं, सुरू आहे का. तू म्हणालीस, उजेड बघतेय."

यादिरा रडू लागली. एलोदियाने दोघींची ताटं वाढली. मारिसेला आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली.

दुपारी तिने मला हातात घेतलं. "तूही तसलीच," म्हणाली आणि खणात मागे टाकलं. मला वाईट वाटलं. ते खोटं मी लिहिलं नव्हतं, पण माझ्याच अंगावर ते होतं. तिला कसं समजावणार?

आता ती चेहऱ्याला काही न लावता शाळेत जाते. दवाखान्यातून आणलेलं मलम तेवढं वापरते. ट्रंपेट घरात वाजवते, दार लावून. यादिरा अजूनही रविवारी येते. पूर्वी ती धाडकन दार ढकलून पलंगावर येऊन पडायची. आता दाराबाहेर थांबते आणि विचारते, "येऊ का?" मारिसेला "ये" म्हणते, पण मान वर करत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कुणाच्यातरी खोलीत न विचारता शिरत असाल. उद्याही तसंच शिरता यावं, एवढा विश्वास जपा.