सेवेत खंड

मित्रांनो, ही दोन हजार अठरा सालची गोष्ट. तेव्हा माझी चाके अजून कुरकुरत नव्हती.

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि इंदिरानगरात झुंबरआजींच्या घरी मी आले. आजींचे पाय अर्धांगाने गेले होते. त्यांना उचलून माझ्यात बसवायची ती त्यांची सून यशोदा. सासूसाठी तिने सरकारी नोकरीतून कितीतरी वर्षे बिनपगारी रजा काढली. मुलगा वाल्मीक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळ्या करायचा. तो निवृत्त झाला तेव्हा शाल-नारळ देऊन साहेब म्हणाले, "वाल्मीकरावांची सेवा अखंड!" आजींनी एवढ्या टाळ्या पिटल्या की माझे दांडे हलले.

त्याच वर्षी यशोदाही निवृत्त झाली. पेन्शन पूर्ण बसेल का, हे विचारायला ती कचेरीत निघाली. आजींना एकटे कसे ठेवणार? म्हणून आम्हीही गेलो.

अश्विन नावाचा कारकून म्हणाला, "ताई, सेवेत खंड आहे. बिनपगारी वर्षं धरता येत नाहीत. पेन्शन कमी बसेल."

"काय म्हनतो गं?" आजींनी विचारले.

"सेवेत खंड पडला म्हणतात, आत्या."

"खंड? आरं बाबा, एक सांज चुकली नाय हिची! सनावाराला नाय, का ताप आला तवा नाय. कोनी चहाडी केली?"

सगळी कचेरी हसली. अश्विनही हसला. "आजी, ती सेवा नाही हो. सरकारी सेवा."

"मंग मी काय घरची सरकार नाय?"

यशोदा मात्र हसली नाही. "साहेब, आमच्या ह्यांची सेवा अखंड राहिली, ती कुणामुळे?"

अश्विनने फाईल पुन्हा चाळली. "नियमात तसा रकाना नाही, ताई."

मी गोंधळले. एकाच घरात, एकाच म्हातारीपायी, एकाची सेवा अखंड आणि दुसरीची खंडित? मला ते आजही उमगलेले नाही.

यशोदेची पेन्शन कमीच बसली. आजी पुढे तिच्याच हातचे पाणी पिऊन गेल्या. वाल्मीक आता पोळ्या लाटतो. नकाशे होतात, पण यशोदा खाते. अश्विन मागच्या वर्षी वडिलांसाठी मला मागायला आला.

"घरी बघतं कोण?" यशोदेने विचारले.

"निकिता, माझी बायको. नोकरी सोडली तिनं," तो खाली बघत म्हणाला.

यशोदेने माझ्या चाकांत तेल घातले आणि मला त्याच्या हाती दिले.

मित्रांनो, माझ्यात कोण बसले आहे ते सगळेच विचारतात. मला ढकलते आहे कोण, तेही एकदा विचारा.