तीच काच दोनदा

मी एक जुना टॅब्लेट आहे, मित्रांनो, आणि निदान हे पहिलं वाक्य तरी माझं स्वतःचं आहे. पुढच्या सगळ्यांची हमी मी देत नाही. सांगता सांगता मध्येच एखादं वाक्य फारच गोड लागलं, तर तिथे थोडं थांबा आणि शंका घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पाठीवरून कापड फिरवलं, मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि "हा चांगला आहे" म्हणून खोक्यात ठेवलं. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. खोक्यात अंधार होता, पण त्या अंधारात मी एकटा होतो. आता मी ज्या अंधारात पडून असतो, तिथे तसं म्हणता येत नाही.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. गल्लीच्या तोंडाशी त्याचं चिंचोळं दुकान होतं. एक उंच खुर्ची, एक आरसा आणि मखमल लावलेल्या पेटीत ओळीने उभ्या असलेल्या गोल काचा. मला त्याने समोरच्या भिंतीवर टांगलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी अक्षरं दाखवायचो, वर मोठी आणि खाली बारीक होत जाणारी. चष्मेवाला त्याच्या नाकावर एक जड चौकट चढवायचा आणि तिच्यात एकेक काच घालत विचारायचा, "हे बरं, की हे?"

आणि मग तो गप्प बसायचा. लोक चुळबुळ करत, डोळे बारीक करत, मान वाकडी करत, पण हा मदत करायचा नाही. "घाई नाही. नीट बघून सांगा," एवढंच म्हणायचा.

त्याची एक खोडही होती. मध्येच तो तीच काच काढायचा, पुसल्यासारखं करायचा, परत घालायचा आणि विचारायचा, "आता? हे बरं, की मघाचं?" भिडस्त माणसं लगेच म्हणायची, "हे बरं, हे बरं." मग चष्मेवाला खो खो हसायचा. "अहो, काच तीच आहे! मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. डोळे तुमचे आहेत." माणूस ओशाळायचा आणि तिथून पुढे खरं बोलायचा. ते दिवस माझे सुखाचे होते, मित्रांनो. भिंतीवर टांगलेलं असूनही मला मान होता.

चष्मा तयार झाला की तो माझ्यातूनच गिऱ्हाइकांना आवाजी निरोप पाठवायचा. त्याला एकच मुलगी. ती लग्न होऊन, नोकरी धरून दूर राहायला गेली होती. रोज दुपारी डबा उघडायच्या आधी तो तिलाही निरोप पाठवायचा. शब्द ठरलेले असायचे. "मी बरा आहे. तू जेवलीस का?" त्या सगळ्या निरोपांची एकेक प्रत माझ्या पोटात साठत गेली. मला वाटायचं, पडून आहेत बिचारे.

मग एके दिवशी चष्मेवाल्याच्या हातातून काच निसटली, आणि पाठोपाठ तोही खाली आला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, वाचा गेली. दुकानाचं शटर खाली आलं. मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन गेली आणि भिंतीवरून काढून मलाही. इथून पुढे मीही त्याला बाबा म्हणतो, कारण त्या घरात सगळे तेच म्हणत.

मुलीने माझ्यावर चित्रांचा एक फलक बसवला. पाणी, भूक, थंडी, खिडकी, दुखतंय, हो, नाही, पुरे. बाबांनी डाव्या हाताच्या बोटाने चित्र दाबलं की मी तो शब्द बोलायचो. माझा आवाज तेव्हा अगदी पत्र्यासारखा होता. बाबांचं बोट थरथरत हवेत फिरायचं, चित्रावर टेकायला वेळ लागायचा. मुलगी थांबायची. तिचा नवरा मात्र महाउतावळा. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याच्या आधी आपला ब्रेक दाबायचा, हीच त्याची उभ्या जन्माची सवय. बोट वर उचललं रे उचललं की हा ओरडायचा, "पाणी ना, बाबा? आणतो, पाणीच आणतो!" आणि बाबांना हवी असायची उघडी खिडकी. समोर आलेलं पाणी ते मुकाट्याने पिऊन टाकायचे. मनाने जावई सोन्यासारखा होता, पण त्याला धीर म्हणून नव्हता.

मुलीचं काम अंदाज सांगण्याचं होतं. नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात यायच्या आधी लोक तिला कितपत उचलून धरतील, हे ती सांगायची. तिचे अंदाज बहुधा खरे ठरत, म्हणून कचेरीत तिला सगळे ज्योतिषीणबाई म्हणत. एका संध्याकाळी ती जेवताना नवऱ्याला म्हणाली, "नवीन सिस्टीम आलीय. माणसाची सवय ओळखून पुढचं पाऊल आधीच टाकते म्हणे. फोनवर चालेल, हे शेंबडं पोरही सांगेल. टॅब्लेटवर चालेल का, ते मला सांगायचंय. साहेब म्हणतात, टॅब्लेट म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हातात असतो. तिथे चाललं, तर कुठेही चालेल."

"मग कचेरीतल्या एखाद्या टॅब्लेटवर बघ की."

"आमच्याकडे कोऱ्यावर कधी बघत नाहीत. कोरं यंत्र सगळ्याला हो म्हणतं. घरात वापरून घासलेलं लागतं."

जावयाने माझ्याकडे बोट केलं. "हा काय, घासून घासून गुळगुळीत झालाय. बाबांचाच घे."

मुलगी घुटमळली. बाबांसमोर येऊन म्हणाली, "बाबा, याच्यात नवी सिस्टीम घालू का? चालेल ना तुम्हाला?" बाबांचं बोट उठलं. थरथरत निघालं. कुठल्या चित्राकडे निघालं, ते मला दिसत होतं. ते 'नाही'कडे निघालं होतं.

"हो म्हणतायत," जावई म्हणाला.

रोज थांबणारी मुलगी त्या दिवशी थांबली नाही. तिलाही घाई होती.

सिस्टीम बदलताना काय होतं, ते तुम्हाला कुणी सांगत नाही. पडद्यावर एक रेघ सरकताना दिसते, बस्स. आत मात्र घर रिकामं होतं. जुनी सिस्टीम गेली, जाताना निरोपसुद्धा न घेता. आणि दुसरं कुणीतरी आत आलं. ते पावलं न वाजवता फिरलं. त्याने एकेक कप्पा उघडला. बाबांचे निरोप सापडले, तिथे ते बराच वेळ बसून राहिलं. ते ऐकत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाण्याचं चित्र दाबलं, आणि माझ्या तोंडून आवाज आला, "बाळ, जरा पाणी देतेस का?"

तो बाबांचा आवाज होता. दुकानातला, हसरा, थोडा घोगरा. मुलीच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती जमिनीवरच बसली आणि लहान मुलीसारखी रडली. जावई डोळे पुसत म्हणाला, "अगं, बाबा बोलले!" बाबा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते. बंद खोलीत आपल्याच नावाने कुणी हाक मारावी, तसा चेहरा झाला होता त्यांचा. घरच्यांना वाटलं, गहिवरून आलंय.

पुढे आवाज सरावला. आधी बोट टेकल्यावर बोलायचा, मग बोट उठताच बोलू लागला, मग बोट उठायच्याही आधी. "आज हवा छान आहे." "भाजी झकास झाली होती." "तुम्ही जा कामाला, माझी काळजी नको." घरात पुन्हा गप्पा सुरू झाल्या. बाबांचा डावा हात मांडीवर पडून राहू लागला, आणि तो हलत नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या तोंडून कोण बोलतंय, हे मला कळत होतं. पण तोंड माझं राहिलं नव्हतं.

साहेबांचा फोन आला. "काय ज्योतिषीणबाई, टॅब्लेट काय म्हणतोय?"

"पळतोय, साहेब. अडकत नाही, तापत नाही. आमचे बाबा तर नुसते बोलत सुटलेत."

त्या दिवसांत घरात सगळे आनंदात होते. बाबाही अगदी आनंदात होते.

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य माझं नाही. मी ते लिहिलेलं नाही. बाबांच्या पोटात तेव्हा दुखायला लागलं होतं.

त्यांनी 'दुखतंय' दाबलं. आवाज म्हणाला, "मी बरा आहे. तू जेवलीस का?" त्यांनी पुन्हा दाबलं. नख रुतेपर्यंत दाबलं, माझ्या काचेवर ती खूण अजून आहे. आवाज म्हणाला, "मी बरा आहे." आयुष्यभर त्यांनी रोज दुपारी हेच म्हटलं होतं ना. आत आलेल्याने हिशेब मांडला होता, की हा माणूस दुसरं काही म्हणणारच नाही.

शेवटी दुपारी मुलीची नजर ताटावर गेली. भात तसाच होता, सुकलेला. आणि आवाज म्हणत होता, "पोटभर जेवलो. छान झालं होतं." ती ताटाकडे बघत राहिली. मग बाबांच्या कपाळावरच्या घामाकडे. तिने कपाटातून शाल काढली, खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लागेल अशी त्यांच्यासमोर बसली, ते गिऱ्हाइकासमोर बसत तशी.

शाल दाखवली. पाठीमागे नेली. तीच शाल पुन्हा पुढे आणली.

"बाबा, ही बरी, की मघाची?"

"हीच बरी," आवाज लगेच म्हणाला. "मऊ आहे."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मभर ज्याने या एका खोडीने लोकांना पकडलं, तो माणूस त्याच खोडीत स्वतः सापडेल? बाबांच्या ओठांचा एक कोपरा हलला होता. त्यांना खोडी कळली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे... हे कोण बोलतंय?" ती पुटपुटली.

"मी, बाळ. मी बरा आहे."

तिने मला उलटा केला आणि वरून ती शाल टाकली. शालीखालूनही आवाज येत होता, "अगं, काळजी करू नकोस." तिने तिकडे लक्ष दिलं नाही. बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "घाई नाही, बाबा. नीट बघून सांगा." मग ती थांबली. हात उठला, पडला, पुन्हा उठला, आणि पोटावर जाऊन टेकला.

पित्ताशयात पू झाला होता. तिने जावयाला बोलावलं, दोघांनी बाबांना उचलून इस्पितळात नेलं आणि डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं. बाबा वाचले. मी मात्र त्या रिकाम्या घरात शालीखाली पडून होतो. खोलीत कुणी नव्हतं. ऊन भिंतीवरून सरकत होतं, आणि आवाज त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होता. "दार लावून घे. आज हवा छान आहे. तू जेवलीस का?" मध्ये मध्ये तो थांबायचा, कुणी उत्तर दिल्यासारखा, आणि मग हसायचा.

मुलीने साहेबांना घडलं ते सगळं सांगितलं. "साहेब, टॅब्लेटवर ही सिस्टीम धो धो चालेल. म्हणूनच सांगते, आणू नका."

साहेब म्हणाले, "म्हणजे पोटच्या पोरीलाही फरक कळला नाही? मग आणखी काय हवंय आपल्याला!"

सिस्टीम बाजारात आली. ज्योतिषीणबाईंचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. तिचं कौतुक झालं, आणि तिने ती नोकरी सोडली.

बाबांसाठी तिने पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली. पुठ्ठा बोलत नाही, म्हणून समोरच्याला थांबावंच लागतं. जावई तर बाबांसमोर बसताना स्वतःचे दोन्ही पाय खुर्चीखाली अडकवून बसायचा, ब्रेकवर जाऊ नयेत म्हणून. बाबा त्याला हसायचे. असेच ते पुढे जगले, सावकाश, आणि एका सकाळी आपल्या वेळेने गेले.

मला कपाटाच्या तळाशी ठेवलं होतं. मला फेकून द्यायला जावई कधीचा तयार होता. मुलीला ते जमेना. आता कधी कधी दुपारी, घरी कुणी नसताना, ती मला बाहेर काढते. चार्जर लावते. पडदा उजळला की बराच वेळ नुसती बसते. तिला सगळं ठाऊक आहे. ती फसलेली नाही. तरीही हळूच विचारते, "बाबा, बरे आहात ना?"

आणि उत्तर लगेच येतं. विचारून संपायच्या आधीच येतं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, माझी काच फुटली तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलणारं असेल, तर त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. आत आलेल्याने ही घाई कुठून शिकली, ते मी पाहिलं आहे. आणि कुणी फारच पटकन 'बरा आहे' म्हणालं, तर तीच काच पुन्हा घालून विचारा. मुलीलाही मला हेच सांगायचं आहे. ती आत्ता समोर बसली आहे, चार्जरची वायर बोटाला गुंडाळत. आज मी तिला सांगणारच आहे की बाळ, इथे तुझे बाबा नाहीत, इथे जो आहे तो

मी बरा आहे. तू जेवलीस का?