मागची सीट

"साविला, तू फक्त हो म्हण. हो म्हण आणि लोकांना जेवू दे," मलिंडा म्हणाली.

ती बिशपची बायको. तिच्या स्वयंपाकघरात सुक्या सफरचंदाच्या गोड पाई गार होत पडल्या होत्या, अंगणात पुरुष ताटकळले होते, आणि हे सगळं साविला एशमुळे.

पेनसिल्व्हेनियातल्या या आमिश वस्तीत, जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांत, प्रभुभोजनाआधी एक सभा भरते. डीकन, म्हणजे बिशपचा मदतनीस, रांगेतून फिरत प्रत्येकाला विचारतो, मन शांत आहे ना? एकानेही नाही म्हटलं तर साऱ्या मंडळीचं प्रभुभोजन थांबतं. म्हणून कुणी नाही म्हणत नाही. सुनेशी वर्षभर न बोललेली सासू हो म्हणते. शेजाऱ्याच्या जमिनीत कुंपण सरकवणारा हो म्हणतो, आणि शेजारीही दात खात हो म्हणतो. साविला म्हणाली, "नाही." डीकन तोवर पुढच्या बाईपाशी पोचलासुद्धा होता. त्याला परत यावं लागलं.

आता बिशप गिडियन खुर्चीत बसून तिची उलटतपासणी घेत होता आणि साविलाचा नवरा एलम दाराशी उभा राहून स्वतःची हॅट न्याहाळत होता.

गोष्ट अगदी साधी होती. आमिश माणसाने मोटार चालवायची नाही, दुसऱ्याच्या मोटारीत बसलं तर चालतं. दर शुक्रवारी डेल नावाचा गाडीवाला बायकांना शहरातल्या बाजारात नेई. साविलाच्या डोनटला तिथे रांग लागे. मागे बसलं की तिला गाडी लागते, म्हणून पुढची सीट तिची. डेल विधुर. तो पहाटे तिच्यासाठी कॉफीचा कप भरून आणायचा, दोन चमचे साखर घालून, तिला लागते तशी. एलम इतक्या वर्षांच्या संसारानंतर अजून विचारतो, तू साखर घेतेस का गं?

"त्याने हात लावला?" बिशपने विचारलं.

"नाही."

"वावगं बोलला?"

"नाही. म्हणाला, येत्या शुक्रवारी बाकीच्या येणार नाहीत, तू एकटी येशील का? नदीकाठच्या रस्त्याने जाऊ."

प्रभुभोजन यंदा मलिंडाच्या घरी व्हायचं होतं, आणि त्या शुक्रवारी सगळ्या बायका तिथे साफसफाईला जमणार होत्या.

"मग?"

"मी हो म्हणाले. घरी येऊन डोक्यावरची ही टोपी दोनदा इस्त्री केली."

मलिंडाला हसू आवरेना. "अगं, इस्त्री कधीपासून पाप झालं?"

साविला तिच्याकडे वळली. "मलिंडाकाकू, माझ्या टोपीची घडी बोटभर चुकली तेव्हा तुम्ही चिखल तुडवत माझ्या घरी आला होतात. आज मी स्वतः सांगतेय की ती टोपी मी परक्या पुरुषासाठी इस्त्री केली, तर म्हणताय, हो म्हण आणि जेवायला वाढ."

मलिंडाचं हसू गेलं. बिशपने सुस्कारा टाकला. त्यालाही भूक लागली होती. मनात काय काय येतं बाई, सगळंच सभेत आणायचं नसतं, असं त्याने समजावलं. साविला म्हणाली, नुसतं मनात आलं असतं तर गिळलं असतं, पण मी त्या विचाराला बसायला खुर्ची दिली. गाडीवाला बदलू, असा तोडगा बिशपने काढला. मलिंडाने तो तिथल्या तिथे मोडला. पहाटे तीनला उठणारा दुसरा मिळतोय कुठे?

"मी मागे बसेन," साविला म्हणाली.

"ओकशील," मलिंडा म्हणाली.

"ओकेन. मागे बसून आले की मग मन शांत आहे का ते विचारा. आज विचाराल तर खोटं बोलावं लागेल, आणि ते खोटं तोंडात घेऊन मी प्रभूची भाकर खाणार नाही."

प्रभुभोजन पुढे ढकललं गेलं. त्या दुपारी बायकांच्या पंगतीत साविलाच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

दोघं बग्गीतून घरी निघाले. आपल्या कोठारापाशी आल्यावर एलम म्हणाला, "नदीकाठचा रस्ता लांब पडतो."

साविलाला वाटलं, याच्या हातातला लगाम घेऊन याच्याच डोक्यात घालावा. सबंध वस्तीपुढे मन उघडं केलं, आणि या माणसाला दिसला तो रस्ता.

शुक्रवारी पहाटे ती निघाली तेव्हा दाराच्या कडीला चरबी साठवायची जुनी बादली टांगलेली होती. घासून लख्ख केलेली, झाकणासकट, आत टॉवेलाची घडी. एलम दूध काढायला केव्हाच गेला होता. गोठ्यातला कंदील दिसत होता, तो नाही.

प्रभुभोजनच लांबल्यामुळे साफसफाईही लांबली होती. सगळ्या बायका गाडीत हजर होत्या आणि सगळ्यांनी तोंडं फुगवली होती. मलिंडा पुढच्या सीटवर ऐसपैस बसली, समोरचा कप उचलून तिने घोट घेतला आणि म्हणाली, "शी, किती गोड."

साविला सगळ्यात मागे, खोक्यांना खेटून बसली. डेलने एकदा आरशात पाहिलं. तिलाही तिकडे बघावंसं वाटलं. वाटलंच. ती बादलीच्या झाकणाकडे बघत राहिली.

पहिल्या वळणालाच तिला गाडी लागली. तिने एका हाताने टोपीचे बंद मागे धरले आणि दुसऱ्याने बादली उघडली. पुढे कुणीतरी नाक दाबलं. कुणीतरी खिडकी खाली केली.

ओकून झाल्यावर तिने तोंड पुसलं, झाकण घट्ट लावलं आणि बादली मांडीवर घेऊन ताठ बसली. पुढे बरीच वळणं होती.