तोंडाची बाजू

१९६४ साली आमच्या सुक्या मेव्याच्या कारखान्यात अंजिराच्या पेट्यांचा एक अख्खा लॉट उलटा निघाला. भाच्याने परवा कंपनीच्या इतिहासाचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक पाठवलं, त्यात या प्रसंगावर एकच वाक्य आहे: 'त्या वर्षी पॅकिंग विभागातील महिलांच्या नजरचुकीमुळे एक मोठी ऑर्डर हातची गेली.'

नजरचूक! पेटी उलटी झाली म्हणून अंजिराला अळी पडते का रे? मी त्या टेबलाशी उभी होते. एकोणीस वर्षांची होते आणि डोळे शाबूत होते. त्यांतला एक अजूनही आहे.

पेटी कशी भरायची ते आधी सांगते, कारण पुस्तकात मशिनांचे फोटो आहेत, पेटीचं काहीच नाही. अंजिराची पेटी सरळ भरत नसत. टेबलावर आधी झाकणाची फळी, तिच्यावर लाकडी चौकट, आत पातळ कागद. त्या कागदावर पहिला थर पालथा लावायचा. मऊ, एकसारखी, निवडक अंजिरं, बोटांनी चपटी करून एकमेकांवर जराशी चढवलेली. याला आम्ही तोंड लावणं म्हणायचो. मग बाकीचे थर, शेवटी तळाची फळी ठोकायची आणि पेटी उलटवायची. टेबलावर जे सगळ्यात खाली, तेच गिऱ्हाइकाला सगळ्यात वर. झाकणाला बारीक खिळे, सहज निघावेत म्हणून, तळाला लांब.

अंजिरं हाताला चिकटू नयेत म्हणून प्रत्येकीजवळ मिठाच्या पाण्याचं भांडं असे. बोटाला चीर असली की पाणी झोंबायचं आणि झोंबलं की कुणीतरी आपल्या सासूच्या नावाने बोटं मोडायची. त्या खोलीइतकं मी पुन्हा कुठे हसले नाही.

तोंड लावणाऱ्यांत पहिली माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. नवऱ्याने तिला ट्रंकेसकट बाबांच्या दारात आणून सोडलं होतं. तेव्हा बाबा सुटी अंजिरं गोणीतून विकत फिरायचे. आत्याने आमच्याच जेवणाच्या टेबलावर पहिली पेटी भरली, आणि बाबा फेरीवाल्याचे मालक झाले. नव्या मुलीला ती एकच गोष्ट शिकवायची: "वर जे, तेच खाली. जमत नसेल तर तोंड लावू नका." तोंडदेखलं हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा.

त्या वर्षी बाबांना शहरोशहरी दुकानं असलेल्या एका मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर मिळाली आणि त्यांच्या डोक्यात हवा गेली. मागच्या गोदामात आदल्या हंगामातली पोती पडून होती. ती पॅकिंगच्या खोलीत आणून टाकली आणि म्हणाले, "ताई, हा माल खाली घाला. वर तुझं तोंड लागलं की कुणाची टाप आहे खाली बघायची!"

आत्याने पोत्यात हात घातला, एक अंजीर फोडलं आणि बाबांच्या नाकासमोर धरलं. आत अळी वळवळत होती.

"खाऊन दाखव," ती म्हणाली.

"मी कशाला खाऊ? मला विकायचंय."

आमच्यात एक बडबडी होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे. ती तिकडून म्हणाली, "मालक, अळी वजनात धरायची की वरून भेट म्हणून द्यायची?"

खोलीत हशा पिकला. बाबांचा चेहरा लालभडक झाला. रेडिओला सोडून ते आत्याकडे वळले.

"या भिंती कुणाच्या आहेत ते विसरू नकोस, ताई. ट्रंक घेऊन दारात बसली होतीस, तेव्हा आत कुणी घेतलं?"

सगळ्यांसमोर. जिने त्यांचा संसार उभा केला, तिला.

आत्याने हात धुतले, पदराला पुसले. "ठीक आहे," म्हणाली. "लावते तोंड."

बाबा गेल्यावर मी तिच्यावरच भडकले. "अगं, कबूल काय झालीस? तोंडावर फेकायचं होतंस ते पोतं!"

"गप. तू फळ निवड. चांगलं बघून निवड. आजवर लावलं नसेल असं तोंड लावायचंय मला."

आणि तिने लावलं. काय सांगू, झोपलेल्या बाळाच्या गालांसारखी अंजिरं होती ती. त्यांच्यावर आम्ही त्या पोत्यांतला माल ओतत गेलो. दर ओंजळीला मला वाटे, एखाद्याच्या ताटात थुंकतेय.

शेवटी सुतारकाका हातोडी घेऊन आले. आमच्या सगळ्या पेट्या तेच बनवायचे, तेच ठोकायचे. तळाची फळी बसवली आणि सवयीने विचारलं, "बाई, उलटवू?"

"नको."

"म्हणजे?"

"हीच वरची बाजू. इथे बारीक खिळे मारा. लांब खिळे पलीकडे."

काकांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. आत्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे. "मालक माझी कातडी सोलतील."

"आधी माझी सोलेल. तोवर तुम्ही पळा."

काका हसले. खिळे परत तोंडात ठेवत म्हणाले, "बरंय. तोंडात खिळे असले की माणसाला खोटं बोलावं लागत नाही."

लेबलं चिकटवायला माझा दादा होता. "आत्या, ही बाजू?" त्याने विचारलं. "हीच," ती म्हणाली. त्याने आमच्या सगळ्यांचे चेहरे बघितले आणि गुपचूप लेबलं चिकटवली. खरेदीदार येईपर्यंत रेडिओसुद्धा बंद होता. नवऱ्याने तिला घशाला काही झालं का म्हणून विचारलं म्हणे.

खरेदीदार माल बघायला आला तेव्हा पेट्या अंगणात रचलेल्या होत्या. बाबांनी त्याला चहा दिला, इस्त्रीचा शर्ट घालून सगळीकडे मिरवले आणि पटाशी त्याच्याच हातात दिली. "कुठलीही उघडा, साहेब. डोळे मिटून उचला."

आम्ही सगळ्या खिडकीशी. आत्या दारात, हात ओले.

बारीक खिळे पटकन निघाले. खरेदीदाराने फळी उचलली, वाकला आणि मागे सरला. त्याने दुसरी पेटी उघडली. मग तिसरी बाबांनी त्याच्या हातातून पटाशी हिसकावून स्वतः उघडली.

दादा धावत पुढे आला. "साहेब, नजरचूक झाली! बायकांनी पेट्या उलट्या ठेवल्या, मी तशीच लेबलं लावली!" हा शब्द तिथे जन्मला. माझ्या भावाच्या तोंडून.

"उलट्या ठेवल्या," खरेदीदार म्हणाला. "आणि हे आत कुणी ठेवलं?"

आत्या अंगणात उतरली. तिने उघडी फळी परत दाबून बसवली, पेटी उलटवली आणि पटाशी घेऊन लांब खिळे एकेक करून उपटले. वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कुणी थांबवलंही नाही. फळी निघाली तशी ती सुंदर अंजिरं उन्हात चमकली.

"हे माझं," ती बाबांना म्हणाली. मग पेटीच्या बुडाकडे बोट दाखवलं. "ते तुझं. माझ्या हातांनी ते झाकायचं नाही."

बाबांना फक्त दोन शब्द सुचले. "चालती हो."

ती त्याच ट्रंकेसह निघाली. ट्रंकेची दुसरी कडी मी धरली. बाबांनी मला हाक मारली नाही, आणि मारली असती तरी मी थांबले नसते.

पुढच्या हंगामात बाजारात गेलेली पत परत आणायला बाबांनी नवी लेबलं छापली. त्यांवर ओळ होती: 'वर जे, तेच खाली.' आजही प्रत्येक पाकिटावर ती आहे. पुस्तकात त्या ओळीसाठी अख्खं पान दिलंय, बाबांच्या फोटोसकट. खाली लिहिलंय, 'संस्थापकांचं ब्रीद.' आत्याचा फोटो नाही. आत्या आहे ती 'महिला' या शब्दात, नजरचूक करणारी.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. आम्ही बाजाराच्या रस्त्यावर छोटं दुकान टाकलं होतं. तिथे आले की ते पलीकडच्या फुटपाथवर जायचे. सुतारकाकांना त्याच दिवशी काढलं. त्यांनी आमच्या दुकानासाठी उघडे लाकडी ट्रे बनवले, बिनझाकणाचे, आणि म्हातारपणी दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांना फुकट सल्ले दिले. रेडिओ कारखान्यातच राहिली. नव्या मुलींना खरी गोष्ट ती सांगायची, पण तिच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची सगळ्यांना सवय होती. दादा मालक झाला, कारखाना मोठा केला, दोन वर्षांपूर्वी गेला. भेटला की मी त्याला विचारायची, "कशी आहे रे तुझी नजरचूक?" तो विषय बदलायचा.

आत्या शेवटपर्यंत दुकानात बसली. गिऱ्हाइकाच्या हातात पळी द्यायची आणि म्हणायची, "खालून काढा, वरचं काय बघता." गेली तेव्हाही बोटांवरच्या मिठाच्या भेगा तशाच होत्या.

भाच्याने, दादाच्या मुलाने, पुस्तकासोबत अंजिराचं पाकीट पाठवलंय. मी ते वरून उघडलं नाही. उलटं केलं आणि कात्रीने तळ कापला. एकेक अंजीर फोडून उजेडात धरलं. सगळी चांगली निघाली. एकही अळी नाही.

म्हणजे तिचं ऐकलं मेल्यांनी, नाव तेवढं गाळलं. पाकीट भिरकावून द्यावंसं वाटलं. पण अंजिरं तिच्या पद्धतीची होती, म्हणून खाल्ली.